चाचणीचा कॉम्प्युटर

माझा पुतण्या वेबसाइट बनवतो. मागच्या दिवाळीत तो लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि स्टेजिंग म्हणजे काय ते मला समजावून सांगायला लागला. खरी वेबसाइट लोकांपुढं जाण्याआधी हुबेहूब तशीच दुसरी उभी करायची, काय मोडतोड करायची ती तिच्यात करायची, चुका तिथंच काढायच्या आणि मगच खरीला हात लावायचा. "काकू, तिथं काहीही बिघडलं तरी खऱ्याला धक्का लागत नाही," तो मोठ्या कौतुकानं म्हणाला. पोरं आपल्याला काही शिकवायला लागली की ऐकून घ्यावं, एवढं शहाणपण आता मला आलंय. मी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि तिथं कुणाचं काही भलं झालं तर? ते खऱ्यात येतं का?"

"म्हणजे?" तो म्हणाला.

"काही नाही. चहा घे," मी म्हटलं.

हे काम मी त्याच्या जन्माआधी केलंय. तेव्हा वेबसाइट नव्हती आणि स्टेजिंग हा शब्द तर कुणाच्या कानावरही आला नव्हता. आम्ही त्याला चाचणी म्हणायचो. साखर कारखान्याच्या माणसांना तो शब्द समजावून सांगावा लागत नसे, कारण नवा कारखाना उभा राहिला की त्याचा पहिला हंगाम चाचणीचाच असतो.

नव्वदीनंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी परभणीला राहत होते आणि गंगाखेडच्या पुढं, गोदावरीच्या काठच्या एका सहकारी साखर कारखान्यात नोकरीला होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. थोड्याफार फरकानं तेव्हा सगळे असेच चालत. सकाळची एस.टी. पकडायची, कुणाच्या तरी पोत्यावर पाय ठेवून बसायचं, गंगाखेडला उतरून कारखान्याच्या जीपची वाट बघायची, आणि संध्याकाळी तेच उलट्या क्रमानं. मध्येच कधी नामांतरासाठी बंद, कधी नामांतराच्या विरोधात बंद. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून मराठवाडा पंधरा वर्षं पेटत-विझत होता, आणि पेटला की आधी एस.टी.च्या काचा फुटायच्या. मग मी घरी बसायचे. खरं सांगते, अशा दिवशी मला आधी बरं वाटायचं आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटायची.

गणितात बी.एस्सी. आणि औरंगाबादला वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स एवढ्या भांडवलावर मी कारखान्याचा अख्खा संगणक विभाग होते. लोक मला 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणत आणि टायपिंगला कागद आणून देत. आधी मी रागवायचे, नंतर टाइप करून द्यायला लागले. त्यातच कमी वेळ जायचा.

एम.डी. साहेबांच्या मनात आलं, की ऊसतोडीचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर आणायचा. यात काय मोठं, असं बाहेरच्याला वाटेल. पण ऊस वेळेवर तुटला तरच वजन भरतं. उशीर झाला की त्याला तुरा येतो, कांडं आतून पोकळ पडतं, नुसतं सरपण राहतं. म्हणून कुणाचा ऊस कधी तोडायचा यावरून कारखान्यात जेवढी भांडणं होतात तेवढी निवडणुकीतही होत नाहीत. नियम साधा होता. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. ज्याचा नंबर लागेल त्याला तोडचिठ्ठी मिळायची, आणि चिठ्ठी मिळाली की मजुरांची टोळी त्याच्या फडात उतरायची. नियम साधा असला तरी तो चालवणारी माणसं साधी नव्हती. कॉम्प्युटर तो चालवेल, कॉम्प्युटरला कुणी भाऊबंद नाही, असं एम.डी. साहेबांचं म्हणणं. माणूस भला होता. बाहेरून आलेला होता, म्हणूनही असेल.

पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर दोन कॉम्प्युटर घेऊन आला. एक नवा, एक कुठंतरी वापरून झालेला. नवा आतल्या खोलीत बसवला. तिथं एसी होता, फरशीवर चटई होती आणि चपला बाहेर काढाव्या लागत. जुना बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, आतला खरा, बाहेरचा चाचणीचा. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल करायचा तर आधी बाहेर करून बघायचा. दोघांत वायर जोडायची नाही. काय न्यायचं-आणायचं ते फ्लॉपीवर." म्हणजे त्या दोघांमधली वायर मीच. दीड वर्ष मी ती वायर होते. बाहेर बदल करा, फ्लॉपीवर घ्या, चपला काढा, आत जा, फ्लॉपी घाला, ती वाचता येत नाही म्हणून कॉम्प्युटरनं कुरकुर केली की पुन्हा चपला घाला, बाहेर या. मध्येच वीज गेली की पहिल्यापासून.

ते चाचणीचं बिऱ्हाड थाटायला मला अख्खा उन्हाळा लागला. खिडकीतून बगॅसचा भुसा यायचा. उसाचा रस काढून उरलेलं ते चिपाड मैदानात डोंगरासारखं पडलेलं असे आणि वारं सुटलं की त्याची पिवळी पूड कीबोर्डात जाऊन बसे. उंदरांनी प्रिंटरची वायर दोनदा कुरतडली. कॉम्प्युटरचा पडदा अंधूक, अक्षरं हिरवी, डोळ्यांतून पाणी यायचं. नक्कल करायला खरी माहिती हवी म्हणून मी एका गटातल्या, म्हणजे आठ-दहा गावांतल्या, उसाच्या नोंदी फ्लॉपीवर घेऊन बाहेरच्यात चढवल्या. खोटी नावं घालून बघा असं इंजिनिअर म्हणाला होता. पण खोट्या नावांनी आपल्याकडचा गुंता कळत नाही. एका गावात एकाच नावाचे चार चुलतभाऊ असतात, त्यांची लागण एकाच आठवड्यातली असते आणि चौघंही एकमेकांशी बोलत नाहीत. पुठ्ठ्यावर लाल शाईनं 'चाचणी' असं लिहून ती पाटी मी त्या कॉम्प्युटरला चिकटवली. पावसाळ्यात डिंक सुटायचा आणि पाटी खाली पडायची.

श्रावणात बाहेरचा कॉम्प्युटर अगदी नियमानं चालायला लागला. लागणीची तारीख बघायचा आणि नंबर लावायचा. मी संचालक मंडळाला दाखवलं. मंडळानं पाहिलं, मान डोलावली, चहा घेतला. आठवडाभरानं निरोप आला: त्यात एक 'विशेष सूचना' असा रकाना घाला. त्या रकान्यात काही भरलं की माणसाचा नंबर तारखेला न जुमानता वर सरकायला पाहिजे. मी म्हटलं, आधी बाहेर करून बघते. शेतकी अधिकारी म्हणाले, "बाई, आता टाइम कुठं हाय? डायरेक आत घाला." हे गृहस्थ तोडीचा कार्यक्रम सांभाळायचे, संचालकांची बोलणी खायचे आणि शेतकऱ्यांच्याही. मी तो रकाना थेट आत घातला. बाहेरचा तसाच राहिला, अडाणी आणि सरळ.

अशी दसऱ्यापर्यंतची गत. दसऱ्याला कारखान्यात बॉयलर पेटवतात, यंत्रांची पूजा करतात. वजनकाट्याची, मोटारींची, गेटवरच्या सायकलीचीसुद्धा. त्या वर्षी अर्थातच कॉम्प्युटरची करायची ठरली, चेअरमन साहेबांच्या हस्ते.  आतल्या बंद खोलीत उदबत्तीचा धूर, नारळाचं पाणी, अक्षता, आणि सोबत शंभर माणसं! इंजिनिअरनं बजावून सांगितलेलं: धूर नको, पाणी नको. मी एम.डी. साहेबांना म्हटलं, पूजा बाहेरच्याची करूया. मी काही वावगं सांगत नव्हते. काही व्हायचं ते त्याला होऊ दे, यासाठीच तर तो ठेवलेला. साहेबांनाही पटलं. आम्ही दोघंही शिकलेली माणसं. नारळ फुटून पाणी कुठं उडेल एवढाच विचार आमच्या डोक्यात आला.

दसऱ्याला त्या जुन्या कॉम्प्युटरला आपट्याची पानं, झेंडूचा हार, हळद-कुंकू. पाटी आदल्या दिवशीच कुणीतरी काढून ठेवली होती, हाराच्या आड यायची म्हणून. नारळ फुटला. फोटो झाला. सगळे थांबले, आता पुढं काय, अशा नजरेनं. बॉयलर पेटवला की धूर येतो, मोटार चालू केली की आवाज येतो. कॉम्प्युटर आपला हिरव्या डोळ्यानं बघत बसलेला. चेअरमन साहेब म्हणाले, "काहीतरी काढा की बाहेर." मी प्रिंटर चालू केला. करकर करत पाच तोडचिठ्ठ्या बाहेर आल्या. साहेबांनी कागद फाडून घेतला, जमलेल्या माणसांकडं पाहिलं आणि म्हणाले, "वाचा नावं. आपल्याच हातानं देऊ."

"साहेब, ह्या चाचणीच्या—" मी म्हटलं.

एम.डी. साहेबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. इतक्या लोकांत, दसऱ्याच्या दिवशी. मी पहिलं नाव वाचलं. ते एका बाईचं होतं.

गर्दीत जरा हालचाल झाली. अगदी मागून, चपला काढायच्या जागेपासून, एक पन्नाशीची बाई पुढं आली. मला ती ओळखीची होती, कारण आपली नोंद झालीय ना एवढं विचारायला ती पावसाळ्यात दोनदा येऊन गेली होती. नवरा पूर्णेला रेल्वेत गँगमन होता. तो वारल्यावर तिनं गावी परत येऊन नदीकाठी दीड एकर रान घेतलं आणि त्यात ऊस लावला. त्या गावात बौद्धवाड्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या उसात खुरपणी केली होती. स्वतःचा ऊस लावणारी ही पहिलीच. आडसाली लागण, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तोडायची, तीही सगळ्या गटात आधी झालेली. शेजाऱ्याच्या मोटारीचं पाणी तिला मिळत होतं, पण दिवाळीपर्यंतच. त्यानंतर शेजाऱ्याला त्याच्या गव्हासाठी लागणार. म्हणजे दिवाळीनंतर पहिल्या झटक्यात ऊस तुटला तर तुटला, नाहीतर कोरड्यात उभा वाळणार. हे सगळं तिनं मी न विचारताच मला सांगितलं होतं, दारात उभं राहून. आत ये म्हटलं तरी ती आत आली नव्हती.

चेअरमन साहेबांच्या शेजारच्या माणसानं चिठ्ठीच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावण्यासाठी बोट बुडवलं. ती हळूच म्हणाली, "कुंकू राहू द्या साहेब. आमच्यात चालत न्हाई. नुसता कागुद द्या."

 मग चेअरमन साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "घ्या बाई, नुसता घ्या." तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. बाकीच्या चौघांनी हळद-कुंकवासकट घेतल्या. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी मी शेतकी अधिकाऱ्यांना म्हटलं, त्या पाच चिठ्ठ्या परत मागवायला हव्यात. ते म्हणाले, "चेअरमनच्या हातची चिठ्ठी म्या परत मागू? दसऱ्याची? मला नौकरी हाय का न्हाई?" त्यांचंही खरं होतं. त्यांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. पाचांतल्या चौघांची नावं आतल्या कॉम्प्युटरच्या पहिल्या यादीत 'विशेष सूचना' भरून बसवली. एक राहिलं. त्या गावातल्या एका संचालकांचा निरोप होता, की त्या वस्तीतल्या बाईचा ऊस आमच्या आधी तोडला तर गावात आम्ही तोंड कसं दाखवायचं. निरोप असा उघड शब्दांत आला आणि शेतकी अधिकाऱ्यांनी तो मला तशाच शब्दांत सांगितला. सांगताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मीही फार काही बोलले नाही. संध्याकाळची गाडी चुकत होती.

दिवाळी झाली आणि ती आली. दारात उभी राहिली, कागद पिशवीतून काढला. मेणकापडात गुंडाळलेला.

"ताई, तारीख तर निघून गेली. टोळी कवा येणार हाय?"

"मावशी, बसा," मी म्हटलं. या खेपेला ती बसली. मग मी तिला सांगितलं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. खोटं बोललं की ते पुढं लक्षात ठेवावं लागतं. म्हटलं, हे दोन कॉम्प्युटर आहेत. हा बाहेरचा सरावाचा. तुमची चिठ्ठी यातली. टोळ्या चालतात आतल्याच्या हुकमावर, आणि आतल्यात तुमचा नंबर खूप खाली आहे.

तिनं बाहेरच्या कॉम्प्युटरकडं नीट पाहिलं. हार सुकून गेला होता, पण मी तो काढला नव्हता. त्याच्या कपाळावर कुंकवाचा डाग तसाच.

"पण पूजा तर याचीच झाली की वो."

"हो."

"आमी पूजेचं मानत न्हाई. पण तुमी तर मानता ना? मग पूजा याची करायची अन् चालवायचं त्याचं, हे कसं काय?"

 नारळाचं पाणी उडू नये म्हणून, हे सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, मी बोलते साहेबांशी. ती म्हणाली, "बोला. पाणी तुटलंय आता." आणि गेली. चार दिवसांनी पुन्हा आली. मग पुन्हा. येऊन भांडायची नाही, रडायची नाही. बसायची, पाणी प्यायची, उसाची हकीकत सांगायची. खालची पानं वाळायलीत. बांधाकडच्या दोन सऱ्या पिवळ्या पडायल्या. एखाद्या आजारी माणसाची खबर द्यावी तशी. मी ऐकायचे आणि मला तिचा राग यायचा. हो, तिचाच. ज्यांचा यायला हवा त्यांच्यासमोर राग कामाचा नव्हता, आणि ही समोर बसलेली असायची.

अशाच एका दिवशी ती बसलेली असताना शेतकी अधिकारी तणतणत आत आले. मिलमध्ये नवे रोलर बसवले होते, त्यात हंगाम लांबला होता. हंगामाच्या आधी दोन-तीन दिवस ऊस घालून मिल चालवून बघायची होती आणि त्या चाचणीसाठी ऊस द्यायला कुणी तयार नव्हतं. चाचणीत मिल बंद पडते, गाड्या मैदानात उभ्या राहतात, ऊस वाळतो, वजन घटतं. शहाणा माणूस चाचणीला ऊस देत नाही. "सकाळपासून बेजार झालो," ते म्हणाले. "चाचणी म्हणलं की पळायलेत सगळे."

त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, माजी चिठ्ठी चाचणीचीच हाय म्हणं. मग माजा ऊस चाचणीतच न्या की."

शेतकी अधिकारी माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं. मी म्हटलं, "चिठ्ठी चेअरमन साहेबांच्या हातची आहे. चाचणीच्या कॉम्प्युटरची आहे. आणि ऊस चाचणीला हवाय."

"अन् संचालकाला काय सांगू?"

"चाचणी आहे म्हणून सांगा. आतल्या कॉम्प्युटरमध्ये काहीच येत नाही. नंबर कुणाचाच ओलांडला जात नाही."

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झालेल्या मला दिसल्या. खरंच कुणीही हरकत घेतली नाही. चाचणीत कुणाचाही ऊस चालतो, असं ते संचालकही म्हणाले म्हणे. दुसऱ्या दिवशी टोळी तिच्या फडात उतरली.

व्हायचं तेच झालं. मिल सुरू झाली आणि दुपारी बंद पडली. तिच्या गाड्या मैदानात उभ्या. ती गाड्यांच्या सावलीत बसून राहिली, दोन दिवस, उसावर गोणपाटं टाकून आणि त्यांवर पाणी मारून. मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन डबा खाल्ला. तिनं भाकरी दिली, मी पोळी दिली. आमच्या हपिसातल्या दोघा-तिघांनी ते खिडकीतून पाहिलं आणि नंतर कुणी माझ्या डब्यातलं लोणचं मागितलं नाही. असो. मिल पुन्हा चालू झाली. तिच्या मोळ्या मिलच्या तोंडाशी, गव्हाणीत पडल्या, पट्ट्यावरून पुढं सरकल्या, दिसेनाशा झाल्या. ती मान उंचावून बघत होती.

"ताई, यंदाचा पयला ऊस माजा गेला म्हणा की."

"पहिलाच. अजून मोळीपूजनही नाही झालं."

"तुमच्या आतल्यात तसं दिसंल का?"

"नाही. आतल्यात हंगाम मोळीपूजनापासून सुरू होतो."

ती म्हणाली, "न्हाई दिसलं तर न्हाई. वावर मोकळं झालं. आता बुडख्यांतून खोडवा चांगला येईल." वजन घटलं होतं, पण तेवढं नाही. जाताना ती हसली. मी तिला हसताना तेव्हाच पाहिलं. त्या संध्याकाळी एस.टी.त मला बसायला जागा मिळाली नाही आणि तरी पाय दुखले नाहीत, हे मला आठवतं.

पुढल्या वर्षी चाचणी संपली. प्रोग्रॅम नीट चालतो, मग दुसरा कॉम्प्युटर कशाला अडकवून ठेवायचा, असं मंडळानं ठरवलं आणि बाहेरचा अकाउंट विभागाला पत्रं टाइप करायला देऊन टाकला. देण्याआधी त्यातलं सगळं पुसायचं काम अर्थात माझंच. मी पुसलं. तो तारखेनं नंबर लावणारा अडाणी प्रोग्रॅम पुसला गेला, आणि आता नियम फक्त आतल्यात उरला, त्या रकान्यासकट. मला फार काही वाटलं नाही. तेव्हा मी इतकी दमलेली असायचे, की एक काम कमी झालं एवढंच वाटलं.

दसऱ्याला पूजा आतल्याच्या दारात केली. नारळ उंबऱ्याबाहेर फोडला, कॉम्प्युटरला लांबूनच ओवाळलं. एवढं साधं होतं ते. आदल्या वर्षी कुणाला सुचलं नव्हतं. माणसं पांगली तेव्हा ती दारात उभी दिसली.

"यंदा आतल्याची पूजा केली जणू," ती म्हणाली.

"हो मावशी."

"अन् ह्यो भायेरचा?" खिडकीशी टेबल रिकामं होतं. त्यावर बगॅसची पूड साचलेली.

"तो गेला. चाचणी संपली."

तिनं त्या टेबलाकडं पाहिलं. "खोडवा लय झ्याक आलाय," ती म्हणाली. "पाणी दिवाळीलोकच हाय." मग पिशवीतून मेणकापडाची गुंडाळी काढली, उघडली नाही, पुन्हा ठेवली. "मग आता आमचं कसं, ताई?"

मी म्हटलं, मी बोलते. बोललेही. शेतकी अधिकाऱ्यांनी पेपरवेट फिरवला. आदल्या वर्षी सगळ्यांत आधी तुटलेला ऊस. खोडव्याचा नंबर आधीच्या तोडीपासून धरतात, म्हणजे नियमानं आताही तिचाच नंबर पहिला यायला हवा होता. हंगाम सुरू झाला. तिचं नाव दर यादीत थोडं खाली सरकायचं, कारण वरती कुणीतरी 'विशेष' यायचं. मग जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. गावोगाव माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, काही ठिकाणी घरं जळली, आठवडाभर एस.टी. नव्हती. मी परत कामावर गेले तेव्हा शेतकी अधिकारी म्हणाले, "त्या गावात आत्ताच टोळी नको घालायला. जरा वातावरण निवळू द्या."

वातावरण निवळायला वेळ लागला. तिचा ऊस फेब्रुवारी सरता सरता तुटला. तुरा आलेला, आतून पोकळ, हातात घेतला तर काडीसारखा हलका. गाडी काट्यावर आली तेव्हा ती सोबत नव्हती; गाडीवानच होता. मी आतल्या खोलीत होते, चपला काढून, एसीत. तिचं नाव, गाव, लागण, तोड, वजन, सगळं पडद्यावर उमटलं. एकही आकडा चुकला नव्हता.